करू

हल नावाच्या शहरात राहते मी.
सुरुवातीला हसू यायचं:
लिफ्ट हलत नाही, छपराची फाईल हलत नाही,
आणि प्रत्येक बसच्या कपाळावर लिहिलेलं, हल.

सातवा मजला. न्हाणीघराच्या कोपऱ्यात बुरशी,
आधी मोहरीएवढी, मग बशीएवढी,
मग कुठल्यातरी देशाचा नकाशा.
बघायला आलेला ग्रॅहम म्हणाला,
तुम्ही घरात फार उकळता, मिसेस तांबट.
भात, डाळ. खिडकी लावून.
मी त्याला चहा दिला, उकळूनच केलेला.
प्यायला. वर म्हणाला, करू काहीतरी.
त्या करूची चव मला ठाऊक होती,
कोपराला लावलेला गूळ.

मग पत्र आलं. तुमचं मत मोलाचं आहे.
गुरुवारी सहा वाजता, तळमजल्यावर, बिस्किटं असतील.
आम्ही नऊ जण जमलो.
भिंतीवर कागदाचे तीन दरवाजे:
निळा, करडा, आणि एक शेवाळी.
इमारतीची दारं रंगवायची होती.
प्रत्येकाच्या हातात एकेक लाल टिकली दिली,
आवडेल त्या रंगावर चिकटवा.

मोरीन स्टॅथर्स उठली.
काठी टेकत, सगळ्यांना थांबायला लावत, बाहेर गेली
आणि आपली टिकली लिफ्टच्या दारावर लावून आली.
मग पिशवीतून कॅलेंडर काढलं,
मासळीच्या दुकानात फुकट मिळालेलं.
लिफ्ट बंद, तो दिवस काळा.
वर्षात एकशे चौदा.
आमच्या नोंदींशी हे जुळत नाही, ग्रॅहम म्हणाला.
मोरीन म्हणाली, तुमच्या नोंदी जिने चढत नाहीत.
शीलान तिच्या झोपलेल्या मुलाला घेऊन मागे बसली होती,
तिने टाळी वाजवली, एकच,
मूल जागं होऊ नये म्हणून हळू.
माझी टिकली मी पर्समध्ये ठेवली.

हे सगळं तीन वर्षांपूर्वीचं.
मधे किती पत्रं, किती सह्या, किती बिस्किटं
ते सांगत नाही.
आता कमिटीत भाडेकरूंच्या दोन खुर्च्या आहेत.
त्यातली एक माझी.
समोर नावाची पाटी, तांबटचं टॅम्बर्ट केलेलं,
आणि वहिनीच्या रुखवतातल्या लाडवांच्या डब्याइतका जड
कागदांचा गठ्ठा.
मी तो दोन रात्री वाचला, शब्दकोश घेऊन.

कालची बैठक. पैसे एका छपरापुरते.
इमारती चार.
आमची तिसरी. पहिल्या नंबरावर नदीकडची ती बसकी इमारत,
जिथे एक बाई तीन पोरं घेऊन बैठकीच्या खोलीत झोपते
कारण बाकीच्या खोल्यांत बादल्या झोपतात.
ती बाई बैठकीला नव्हती. तिचा फक्त फ्लॅट नंबर होता,
पान सत्तेचाळीस.
हात वर करा, म्हणाले.
मी केला. त्यांच्यासाठी.
हात वर असताना खांद्यात काहीतरी करकरलं.

घरी आले. लिफ्ट बंद.
चौथ्या मजल्यावर, खुर्ची बाहेर टाकून,
मोरीन वाट बघत होती.
काय झालं?
आपलं नाही झालं. पुढच्या वर्षी.
आणि मग माझ्या तोंडून निघालं, इंग्रजीत,
पण माझ्या कानांनी ते मराठीतच ऐकलं:
करू.

जिभेवर गूळ होता.
ग्रॅहमचाच.

इतकी वर्षं भाडेकरू म्हणवून घेतलं
आणि शब्दाच्या शेपटाला काय लोंबतंय
ते कधी पाहिलं नाही.
कोण करू? कधी करू?
मोरीनने काहीच विचारलं नाही.
कॅलेंडर मांडीवर घेतलं,
कालचा चौकोन काळा केला, आजचा केला,
आणि पेन माझ्यापुढे धरलं.
तारीख लिही, म्हणाली.

पुढच्या वर्षाची पानं त्यात नव्हती.
मागच्या पुठ्ठ्यावर, हॅडॉकच्या चित्राखाली,
जिना माझ्या पाठीला टोचत असताना,
मी लिहिली.
खाली सही केली. तांबट.
पर्समध्ये ती टिकली अजून होती, डिंक वाळलेला.
थुंकी लावून चिकटवली.